एसईओ खरंच लागतं, की नुसता बागुलबुवा?

जुना फिल्मवाला
नऊ वर्षं झाली, फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीवर एक वेबसाइट चालवतोय. दोनशेच्या वर लेख आहेत, सगळे स्वतः कॅमेरा उघडून, हात काळे करून लिहिलेले. एसईओ, म्हणजे गूगलसारख्या शोधात आपलं पान वर दिसावं म्हणून करायच्या खटपटी, या प्रकाराच्या वाटेला कधी गेलो नाही. गेल्या आठवड्यात एका एजन्सीची मेल आली. न मागता माझ्या साइटची 'तपासणी' करून पाठवली होती: ७२ चुका, त्यातल्या ३१ गंभीर. दरमहा पैसे भरा, तीन महिन्यांत पहिल्या क्रमांकावर आणतो, अशी वर हमी.

मेल उडवली, पण ते ७२ काही डोक्यातून जाईनात.

माझं मत सांगतो. हा धंदा भीतीवर चालतो. मजकुरात दम असेल तर वाचक शोधत येतो. एके काळी लोक पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कीवर्डची, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांची, जंत्री कोंबायचे. पानाच्या कोडमध्ये लपलेला, तसल्याच शब्दांचा कीवर्ड मेटा टॅग भरून द्यायचेही पैसे घ्यायचे. २००९ साली गूगलनं सांगून टाकलं की क्रमवारी लावताना तो टॅग आम्ही बघतच नाही. आजच्या युक्त्यांचंही उद्या तेच होणार, मग मागे लागायचं कशाला? वेगळं मत असेल तर जरूर मांडा, फक्त 'काळाबरोबर चालायला हवं' एवढं नको.

टर्मिनल
हमीवाल्याला उडवलंत ते झकास. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच्याच मार्गदर्शक पानांवर लिहिलंय. पण 'वाचक शोधत येतो' इथे अडलो. शोधत म्हणजे कुठे शोधत?

माझी फजिती ऐका. एका ग्राहकाची साइट नव्या रूपात बांधत होतो. चाचणीची प्रत कोणाला सापडू नये म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंगमधला तो छोटा चौकोन टिक करून ठेवला होता, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या यादीत घेऊ नये, असं सांगणारा. साइट लाइव्ह केली आणि टिक काढायची राहिली. पानं एकेक करून शोधातून गळायला लागली. आमच्या लक्षात आलं तेव्हा सहा आठवडे उलटले होते. मजकूर तोच होता हो, दमही तेवढाच होता! टिक काढल्यावरसुद्धा सगळी पानं परत यायला बरेच दिवस गेले, कारण क्रॉलर, म्हणजे सर्च इंजिनचा पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, त्याच्या सवडीनं येतो, आपल्या घाईनं नाही.

वाळवी
पण याला एसईओ का म्हणायचं? ही साइट नीट बांधणं झाली. दार उघडं ठेवायला विसरलात, मग उघडलंत. एसईओवाले नेहमी हेच करतात, सुताराचं काम दाखवून स्वतःचं बिल लावतात.

त्यांचं खास स्वतःचं म्हणावं असं काम कोणतं, तर लिंका विकत घेणं आणि एकच लेख चाळीस प्रकारे फिरवून लिहिणं. गूगलनं २०११ मध्ये क्रमवारीत पांडा नावाचा बदल आणून रतीब घालणाऱ्या साइटींना खाली ढकललं, २०१२ मध्ये पेंग्विन आणून लिंकबाजांना. दोन्ही वेळा ज्यांनी सल्लागारांचं ऐकलं होतं तेच बुडाले. २००६ मध्ये तर बीएमडब्ल्यूची जर्मन साइट शोधातून काढून टाकली होती. क्रॉलरला शब्दांनी ठासून भरलेलं पान दाखवायचे आणि माणसाला दुसरंच. काही दिवसांत त्यांना परत घेतलं म्हणा, मोठ्यांचं भागतं. फिल्मवाल्यांच्या साइटला असं काढलं असतं तर दाद कुठे मागणार होते?

फिल्मवाले, तुम्ही काही केलं नाहीत म्हणूनच नऊ वर्षं सुखात आहात.

दुवा
मी याच धंद्यात आहे, अकरा वर्षं. त्यामुळे माझं म्हणणं चिमूटभर संशयानंच घ्या.

वाळवींनी सांगितलेला इतिहास खरा आहे. किंबहुना रोगाचं मूळ आणखी मागे आहे. १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली ती अशी, की एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे शिफारस, आणि ज्याच्या शिफारशी जास्त त्याची शिफारसही वजनदार. कल्पना सुरेख, पण शिफारशीला वजन आहे हे कळलं की शिफारशींचा बाजार भरणारच. भरला. त्यात आमच्यातले बरेच जण आकंठ बुडाले होते, हे कबूल.

पण माझा निम्मा दिवस लिंकांत जात नाही. लोक शोधताना नेमके कोणते शब्द टाइप करतात, हे वाचण्यात जातो. फिल्मवाले, तुमची साइट पाहिली. शटर अडकल्यावर काय करायचं, यावर तुमच्या लेखाइतकं नीट समजावलेलं मी तरी कुठे वाचलं नाही. त्या लेखाचं शीर्षक काय आहे? 'रुसलेल्या पडद्याची गोष्ट'. लेखात पहिले तीन परिच्छेद 'शटर' हा शब्दच नाही! रात्री कॅमेरा हातात घेऊन हवालदिल झालेला माणूस 'रुसलेला पडदा' असं शोधेल का?

आणि त्या ७२ चुका मनावर घेऊ नका. असले अहवाल एखादं टूल दोन मिनिटांत काढतं आणि आकडा मोठा दिसावा म्हणून किरकोळ गोष्टीही लाल रंगात दाखवतं. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे कोडमध्ये लिहिलेला पानाचा छोटा सारांश, नाही ही 'गंभीर' चूक नव्हे, त्यानं क्रमवारी ठरत नाही. ते असलं तर निकालात नावाखाली दोन बऱ्या ओळी दिसतात, एवढंच. तेही गूगलला पटलं तर.

वाळवी
म्हणजे गूगलला कळावं म्हणून माणसानं 'शटर अडकल्यास करावयाचे ७ उपाय' असं लिहायचं? मग सगळ्यांच्या साइटी सारख्याच दिसतात ना. काही शोधा, आधी चार परिच्छेद 'कॅमेरा म्हणजे काय' आणि उत्तर सगळ्यात खाली. ही घाण कोणी केली?

दुवा
आमच्या लोकांनी. त्यावर वाद नाही.

टपालपेटी
माझ्या साइटवर येणारे बहुतेक जण ईमेलमधून येतात. दर पंधरवड्याला पत्र जातं, लोक वाचतात, उलट उत्तरं पाठवतात. शोधातून आलेला माणूस उत्तर घेऊन निघून जातो, नावही बघत नाही. मी त्या नादाला लागत नाही.

टर्मिनल
@टपालपेटी, पण तुमच्या यादीतले लोक पहिल्यांदा तुमच्यापर्यंत कसे पोचले? कधी विचारलंय?

टपालपेटी
विचारलंय. बरेचसे कोणीतरी पत्र पुढे पाठवलं म्हणून आले. काही शोधातून, नाकारत नाही. पण माझा विषय असा आहे की मुळात तो कोणी शोधत नाही. फिल्मवाल्यांचं वेगळं आहे. कॅमेरा बिघडला की माणूस शोधतोच.

वाळवी
शोधू दे ना! २०२४ च्या मे महिन्यात गूगलनं अमेरिकेत एआयचं तयार उत्तर निकालांच्या डोक्यावर बसवायला सुरुवात केली, मग ते इतर देशांतही पसरलं. वाचक वरच्या वर उत्तर वाचून जाणार. ज्याच्या लेखातून ते उत्तर निघालं त्याच्या हाती काय, तर कोपऱ्यातली एक बारीक लिंक. अशा वेळी एसईओवर पैसे घालवणं म्हणजे बंद पडणाऱ्या नाक्यावर दुकान सजवणं.

दुवा
या मुद्द्यावर माझ्याकडे छातीठोक उत्तर नाही. क्लिक कमी झाल्याचं माझे ग्राहकही सांगतात. 'अमुक म्हणजे काय' छापाच्या पानांना ते जास्त जाणवतं. पण शटर उघडून, स्प्रिंगचा ताण बघून, जुना चिकट झालेला फोम खरवडून काढायचं काम चार ओळींच्या उत्तरात मावत नाही. तिथे माणूस फोटो बघायला आत येतोच. आणि तयार उत्तरालाही आधी पान सापडावं लागतं, वाचता यावं लागतं.

जुना फिल्मवाला
दोन दिवस गप्प होतो, कारण तुमच्या सांगण्यावरून साइट तपासत बसलो होतो. आता थोडं लाजत लिहितो.

ब्राउझरच्या टॅबवर पानाचं नाव दिसतं ना, ते मी नऊ वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. माझ्या दोनशे लेखांपैकी प्रत्येकाचं नाव 'मुखपृष्ठ' आहे. प्रत्येकाचं! सुरुवातीला ज्यानं थीम बसवून दिली त्यानं ते तसंच ठोकून दिलं असावं. शिवाय स्क्रू कोणत्या क्रमानं काढायचे ही सगळ्यात कामाची माहिती मी फोटोंवरच लिहिली आहे. फोटोंना वर्णन एकाही ठिकाणी नाही. म्हणजे ज्याला दिसत नाही आणि जो पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्यालाही आजवर काही मिळालेलं नाही. हे मला गूगलपेक्षा जास्त लागलं.

तरी 'रुसलेल्या पडद्याची गोष्ट' मी बदलणार नाही. हट्ट समजा.

दुवा
बदलू नका. टॅबवरचं नाव आणि पानावरचं शीर्षक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायटल टॅगमध्ये, म्हणजे टॅबवरच्या नावात, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि 'शटर अडकलं तर' असं साधं लिहा, पानावर पडदा खुशाल रुसू दे. टायटल निकामी असेल तर गूगल बऱ्याचदा पानावरच्याच मोठ्या शीर्षकावरून नाव बनवतं, पण तुमच्याकडे तिथेही पडदाच रुसून बसलेला! फक्त पहिल्या परिच्छेदात कुठेतरी 'शटर' येऊ द्या. आणि लगेच आकडे बघत बसू नका. अशा बदलांचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकतं, हे खुद्द गूगलची माणसंच सांगतात.

वाळवी
एवढं फुकट सांगितलंत, मग त्या एजन्सीवाल्यांनी दरमहा पैसे कशाचे मागितले होते?

दुवा
७२ चुकांचे.

जुना फिल्मवाला
हसलो. आता दोनशे पानांची नावं बदलायला बसतो. हात लागलाच आहे तर पानांचे पत्तेही सुटसुटीत करून टाकू का? सध्या नुसते आकडे आहेत, विचित्र दिसतात.

टर्मिनल
पत्त्यांना हात लावू नका! नऊ वर्षांत ज्यांनी ज्यांनी तुमच्या लेखाची लिंक कुठे देऊन ठेवली असेल, ती सगळी तुटेल. अगदीच राहवलं नाही तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची पाटी, लावा, एकेक करून, सगळे मुखपृष्ठाकडे वळवून मोकळे होऊ नका. तुमच्याकडे तर सगळंच मुखपृष्ठ आहे म्हणा.