मदत हवी आहे: मॉर्फिनची चिठ्ठी हातात आहे, नाशिकमध्ये गोळ्या कुठे मिळतील?

सिन्नरफाटा:
वडील, वय 71, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलाय. ट्रॅमाडॉल 50 दिवसातून चारदा देऊनही रात्रभर कण्हतात. मुंबईच्या डॉक्टरांनी ते बंद करून मॉर्फिन 10 मिलिग्रॅम दर चार तासांनी लिहून दिलंय. गोळे कॉलनीतली औषधांची दुकानं पालथी घातली, कुणीच ठेवत नाही. आत्या म्हणते 'नशेची गोळी आहे, सवय लागेल'. कायदेशीर कुठे मिळेल? आणि रात्री दोनला उठवून द्यायची का? घरात दोन लहान मुलं आहेत.

पंचवटी_फार्मा:
दुकानदाराचा दोष नाही. मॉर्फिन एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतं. 2014 च्या दुरुस्तीनंतर ते 'अत्यावश्यक नार्कोटिक औषध' झालं, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला ते ठेवता-देता येतं. अशा संस्थेला आरएमआय (रेकग्नाइज्ड मेडिकल इन्स्टिट्यूशन) म्हणतात. साध्या मेडिकलमध्ये फिरून वेळ घालवू नका.

आधी सिव्हिलच्या पॅलिएटिव्ह केअरला विचारा, मग शहरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या फार्मसीला. फोनवर नुसतं 'मॉर्फिन आहे का' विचारलं तर 'आहे' म्हणतील आणि गेल्यावर इंजेक्शन दाखवतील. विचारायचं असं: 'तुम्ही आरएमआय आहात का, आणि तोंडाने घ्यायच्या 10 च्या गोळ्या आज शिल्लक आहेत का?' जाताना मूळ चिठ्ठी (मोबाइलवरचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही), बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, वडिलांचं आणि तुमचं आधार घ्या. तिथे पेशंटची नोंद होते आणि त्यांचे डॉक्टर पुन्हा तपासून लिहून देतात. पाच दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची फेरी मारा. सलग सुट्ट्या आल्या की हमखास अडकायला होतं.

मॉर्फिन हातात येईपर्यंत ट्रॅमाडॉल अचानक बंद करू नका. पण वाढवूही नका: दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर झटके येऊ शकतात, पंच्याहत्तरीपुढे तर 300 च. आणि स्ट्रिपवर 'ट्रॅमाडॉल 37.5 + पॅरासिटामॉल 325' असेल तर वर वेगळी डोलो देताना पॅरासिटामॉलचा हिशेब ठेवा.

निवांत_नर्स:
वेळांबद्दल. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 ला एकेक, आणि रात्री 10 ला दोन. म्हणजे दोनला उठवायला नको, दिवसाचे 60 तेवढेच राहतात. दुप्पट डोस डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिला तरच द्या. दुखेल तेव्हा द्यायची ही गोळी नाही, घड्याळाने द्यायची. मध्येच कळ आली तर जादा डोस एकूण दिवसाच्या साधारण सहाव्या भागाएवढा असतो, इथे 10. तोही लिहून घ्या, आणि दिलेला प्रत्येक जादा डोस वहीत वेळेसह टिपा. रोज तीनच्या वर लागत असतील तर फोन करा, स्वतः वाढवू नका.

पोट साफ होण्याची (रेचक) गोळी पहिल्या दिवसापासून. इथेच सगळे चुकतात. मळमळ चार-पाच दिवसांत, गुंगी दोन-तीन दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहतं. बिसाकोडिल किंवा सेन्ना लागतं. नुसता इसबगोल नको: पाणी कमी पिणाऱ्या पेशंटच्या आतड्यात तो पुट्टीसारखा घट्ट बसतो. पुढे 12 तासांची, औषध हळूहळू सोडणारी गोळी दिली तर ती चुरून देऊ नका, सगळा डोस एकदम सुटतो.

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती आहे?

सिन्नरफाटा:
1.9, गेल्या आठवड्यात. आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम 0.5 चालू आहे.

निवांत_नर्स:
मग पहिली गोळी देण्याआधी मुंबईला फोन करा आणि हे दोन्ही सांगा. मॉर्फिनचे उपघटक किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी मंद असली की ते साचतात आणि पेशंट गुंगत जातो, अंग झटकतो. डॉक्टर डोस कमी करतील, वेळ लांबवतील किंवा औषधच बदलतील. अल्प्राझोलाम आणि मॉर्फिन एकत्र श्वास दाबतात. प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्याचं औषध) चालू असेल तर तेही सांगा, दारू तर नकोच. पण अल्प्राझोलाम तुम्ही आपणहून एकदम तोडू नका, तेही त्यांनाच ठरवू द्या.

हलवूनही जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: लगेच 108. पुढचा डोस अर्थातच नाही.

पंचवटी_फार्मा:
आत्यांना सांगा, शरीर औषधाला सरावतं, म्हणून बंद करताना हळूहळू कमी करतात. व्यसन वेगळं. दुखण्यासाठी, देखरेखीखाली, ठरल्या वेळी घेणाऱ्याला ते लागण्याची शक्यता कमी असते.

मुलं आहेत तर डबा कुलपात, गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच, रोज मोजून वहीत लिहा. प्रवासात चिठ्ठीची प्रत सोबत ठेवा. उरलेल्या गोळ्या त्याच संस्थेत परत करा. गल्लीतल्या दुसऱ्या कॅन्सरवाल्याला द्याव्याशा वाटतील, पण तो गुन्हा आहे, आणि तुमच्या वडिलांचा डोस त्याला जड जाऊ शकतो.

सिन्नरफाटा:
मुंबईला फोन झाला. डोस 5 केला, दर सहा तासांनी, अल्प्राझोलाम हळूहळू कमी करायला सांगितलंय. 10 ची गोळी अर्धी करू का?

पंचवटी_फार्मा:
साधी, मधोमध रेघ असलेली गोळी असेल तर कटरने होते. 'एसआर' (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली असेल तर अजिबात नाही. फार्मसीत आधी 5 ची मागून बघा.