हरिहर गडाच्या दरवाजात बसून राहिले. पुन्हा जावं का?

ठाणेकरीण:
वय ४६. दहाएक वर्षं सह्याद्रीत फिरतेय, कळसूबाई तीनदा झालंय. दमाचं कधी काही नव्हतं, त्यामुळे हरिहरला निघताना तयारी केली ती फक्त पाण्याची आणि पराठ्यांची.

पायथ्याच्या निर्गुडपाड्यातून कातळातल्या पायऱ्यांपर्यंत मीच पुढे. पायऱ्याही चढले, खोबण्यांत बोटं रुतवून, खाली न बघता. दरवाजात पोचल्यावर वाटलं, झालं. तर पुढे ती कातळात कोरलेली आडवी वाट. डोक्यावर कडा, वाकून सरकायचं, एका बाजूला नुसती हवा. तिथे सॅकच्या खिशातून स्टीलची बाटली सटकली. ठण्ण. मग बराच वेळ काहीच नाही. मग कुठूनतरी खूप खालून, ठण्ण.

उजवा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला. थांबेचना. पंधरा वर्षांची लेक मागे वळून म्हणाली, "आई, तू दरवाजात बस, मी जाऊन येते." इतकी वर्षं हे वाक्य माझं होतं.

पाऊण तास बसले. पराठे माकडांनी नेले, ते वेगळंच. उतरले नीट, पण कळत नाहीये: पाय कमी पडले की डोकं?

कातळवेडा:
ताई, चवड्यावर भार देऊन पोटऱ्या आवळून धरल्या की पाय असा थडथडतो. टाच खाली आणायची, श्वास सोडायचा, थांबतो. पण पोटऱ्या आवळल्या कशाने, तर दृष्टिभयाने, म्हणजे खालची खोली दिसली की वाटणाऱ्या भीतीने. ते सरावाने कमी होतं, पुरतं जात नाही. मला चढाईच्या विसाव्या वर्षीही आहे.

ठाण्यात आहात तर मुंब्र्याच्या कातळावर कुणा जाणत्याबरोबर जा. कमरेला दोर असताना चढून बघा. तरी थडथडला तर पोटऱ्या, नाही थडथडला तर डोकं. आणि हरिहर उतरताना तोंड कातळाकडे ठेवलंत ना?

आडवाटा:
रविवारी गेला होतात? मग पायही नाही, डोकंही नाही, गर्दी. जेमतेम मीटरभर रुंदीच्या पायऱ्या, त्यावर चढणारे-उतरणारे समोरासमोर. बाकी बाटली सॅकच्या आत ठेवत जा. खाली माणसं असतात.

बेलपाडा_रिटर्न:
हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवरून मी दोनदा परत फिरलोय, दोन्ही वेळा त्याच कातळटप्प्याखालून. तिसऱ्यांदा सरळ पाचनईच्या सोप्या वाटेने चढलो आणि कोकणकड्यावर पोटावर पालथं पडून खाली बघत बसलो. मित्र अजून चिडवतात. चिडवू देत.

ठाणेकरीण:
@कातळवेडा, हो, तोंड कातळाकडेच. @आडवाटा, रविवारच होता, आणि बाटलीचं मान्य. खाली कुणाला लागलं नाही, नशीब.

मुंब्र्याला जाऊन आले. पहिल्यांदा दोर शिकवणाऱ्या दादांनी धरला. पाय अगदी शांत. म्हटलं, चला, डोकंच. दुसऱ्यांदा दोर लेकीने धरला, दादा तिच्या शेजारीच उभे. सहा फुटांवर उजवा पाय सुरू! खालून ती ओरडतेय, "आई, टाच! टाच!" टेकवली. थांबला.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा हरिहर, मंगळवारी. पराठे यावेळी लेकीच्या सॅकमध्ये.