लहानपणी टीटी (टेबल टेनिस) कुठे खेळायचात? (२१ पॉइंटवाले हात वर करा)

चॉपवाला:
आमच्या कोथरूडच्या सोसायटीत क्लबहाउसला नवीन टेबल आलंय. रविवारी लेकीला घेऊन गेलो, जोशात सलग पाच सर्व्हिस टाकल्या तर कार्टी म्हणते बाबा चीटिंग, दोनच असतात, आणि गेम ११ चा. अरे आम्ही २१ वर वाढलेली माणसं! तेवढ्यात माझ्याच पायाखाली बॉल पिचला, ती फेकायला निघाली, म्हटलं थांब. घरी वाडग्यात कढत पाणी घेतलं, बॉल चमच्याने दाबून धरला, आतली हवा तापली आणि पोचा टक्कन बाहेर. पोरगी बघतच राहिली. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तुम्ही कुठे खेळायचात? कोणाकडून शिकलात?

पेठेतला_बाळ्या:
टेबल?? नारायण पेठेतल्या वाड्यात कसलं आलंय टेबल. माळ्यावर एक जुनं दार पडलं होतं ते दोन पिंपांवर आडवं टाकायचो, नेट म्हणजे ओळीने उभ्या केलेल्या विटा. दाराला कडीची खाच होती, तिथे बॉल पडला की कुठे उडेल ते देवालाही ठाऊक नाही, मग काय, सगळे मुद्दाम तिथेच मारायला शिकले. बॉल मोरीत गेला तर ज्याने मारला त्यानेच आणायचा, धुऊन. पुढे कॉलेजात पहिल्यांदा खरं नऊ बाय पाचचं टेबल मिळालं तर माझे सगळे शॉट नेटच्या जवळच, समोरचा आरामात स्मॅश मारतोय. दाराची सवय, दुसरं काय. चार महिने गेले ती मोडायला.

जुना_रबर:
चॉपवाले, लेक बरोबर आहे. बॉल ३८ चा ४० मिमी झाला २००० साली, ११ चा गेम आला २००१ ला. मोठा बॉल हवेत जरा हळू जातो, स्पिनही कमी घेतो, म्हणजे रॅली लांबते आणि टीव्हीवर बघणाऱ्याला बॉल दिसतो तरी. पण माझं खरं दुःख वेगळंय, हाताआड बॉल लपवून टाकायची सर्व्हिस २००२ ला बंद झाली, माझ्याकडे तेवढं एकच हत्यार होतं हो.
आणि ते कढत पाण्याचं ठीक आहे पण जुना सेल्युलॉइडचा बॉल असेल तर गॅसच्या आसपास नेऊ नका, भपकन पेटतो (कसं माहीत ते विचारू नका, भुवया परत आल्या). २०१४ पासून प्लॅस्टिकचे आले, त्यांचा आवाजच मला पटत नाही, तडकलेल्या कपासारखा वाटतो.

सहाची_बॅच:
सगळे पुरुषच लिहितायत म्हणून लिहिते. आमच्याकडे मंडळाच्या हॉलमध्ये टेबल होतं, नियम काय तर हरला तो बाहेर, जिंकला तो टेबलावर. ऐकायला छान, पण संध्याकाळी मुलींना पहिला नंबरच लागू द्यायचे नाहीत. मग मी आणि मैत्रीण पहाटे सहाला, वॉचमनकाकांकडून किल्ली घेऊन, स्वेटर घालून. माझ्या बॅटचं रबर सुटलं होतं ते फेव्हिकॉलने चिकटवलेलं, अर्धी बाजू दगडासारखी टणक, त्या बाजूने बॉल वेगळाच जायचा आणि ते मी कोणालाच सांगितलं नाही :) सुट्टीत एका संध्याकाळी कसाबसा नंबर लागला आणि ओळीने सात जणांना बाहेर काढलं. आठव्याला लाइट गेली. फक्त हॉलची. मेन स्विच कोणी पाडला ते आजही मला माहितीये, आता तो भावजींच्या नात्यात निघालाय, लग्नकार्यात भेटला की आधी पंख्याकडे बघतो.

बाळ्या परत:
@सहाची_बॅच तुमच्या हॉलचा बल्ब पिवळा होता का? नाही, सहजच विचारतोय.

सहाची_बॅच:
बाळ्या तुम्ही नारायण पेठेतलेच ना नक्की??

चॉपवाला:
हाहा. लेकीला सगळं वाचून दाखवलं. ती टेप घेऊन बेडरूमचं दार मोजतेय. बायको माहेरी आहे, परवा येतेय.