परदेशी बँकेची शाखा बुडाली तर ठेवीदाराने कोणाकडे बघायचं?

ठेवीदार: ऑक्टोबर 2008 मध्ये आइसलँडची लान्ड्सबँकी कोसळली. तिने 2006 पासून ब्रिटनमध्ये आणि 2008 मध्ये नेदरलँड्समध्येही 'आइससेव्ह' नावाने चढ्या व्याजाची ऑनलाइन खाती उघडली होती. वेगळी कंपनी नाही, नुसती शाखा. म्हणजे ठेवविम्याची पहिली जबाबदारी आइसलँडच्या निधीची. त्या देशाची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर, आणि एकट्या ब्रिटनमधले आइससेव्हचे खातेदारच जवळपास तेवढे! पैसे शेवटी ब्रिटिश आणि डच सरकारांनी दिले. परतफेडीचे करार आइसलँडच्या जनतेने 2010 आणि 2011 मध्ये मतदानाने फेटाळले, आणि 2013 मध्ये एफ्टा (आइसलँड ज्यात आहे तो युरोपीय व्यापारसंघ) न्यायालयाचा निकालही आइसलँडच्याच बाजूने लागला. माझं मत स्पष्ट आहे. सामान्यांच्या बचतीला हात घालायचा असेल तर परदेशी बँकेने इथे उपकंपनीच, म्हणजे इथेच नोंदलेली वेगळी कंपनीच, काढली पाहिजे.

जमाखर्च: साफ असहमत. त्याच आठवड्यात आइसलँडच्याच कौपथिंग बँकेची ब्रिटनमधली उपकंपनीही बुडालीच की. तिच्या 'एज' नावाच्या बचत खात्यांतल्या ठेवी आयएनजी डायरेक्ट या दुसऱ्या बँकेकडे सुखरूप गेल्या, त्या ब्रिटिश हमी मागे होती म्हणून. उलट शाखेमागे मूळ बँकेचं सगळं भांडवल असतं, उपकंपनीमागे फक्त तिचं स्वतःचं. आणि आइससेव्हची भीती भारताला का लावता? युरोपात मायदेशाच्या परवान्यावर दुसरीकडे शाखा उघडता येत होती. इथे रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, पाच लाखांचा ठेवविमा परदेशी बँकांच्या शाखांनाही आहे, आणि बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 25 प्रमाणे इथल्या ठेवींच्या किमान 75 टक्के मालमत्ता भारतातच ठेवावी लागते.

ठेवीदार: ब्रिटिश हमी मागे होती, कारण कंपनी ब्रिटिश होती. माझा मुद्दा तोच आहे! कलम 25 चांगलं आहे, पण पाच लाखांवरची ठेव ज्याची आहे त्याला उरलेल्या 25 टक्क्यांचं काय सांगणार? शिवाय शाखेचे मोठे निर्णय परदेशातलं संचालक मंडळ घेतं. सिंगापूरच्या डीबीएस बँकेने 2019 मध्ये भारतात उपकंपनी काढली, म्हणून नोव्हेंबर 2020 मध्ये अडचणीत आलेली लक्ष्मी विलास बँक तिच्यात विलीन करता आली. नुसती शाखा असती तर हे जड गेलं असतं.

निर्यातदार_पुणे: सक्ती केलीत तर बँका किरकोळ व्यवसायच सोडतील. उपकंपनीत भांडवल अडकतं. मला यंत्रं परदेशी पाठवायची असतात. माझ्या पतपत्राला (बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्राला, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटला) मूळ बँकेच्या ताळेबंदाचं वजन लागतं, छोट्या स्थानिक कंपनीचं नाही.

ठेवीदार: तुमच्यासाठी शाखा राहू दे. घाऊक म्हणजे उद्योगांचे मोठे व्यवहार शाखेत, घरगुती बचत उपकंपनीत. ब्रिटिश नियामकही किरकोळ ठेवी ठराविक रकमेपुढे गेल्या की उपकंपनीची अपेक्षा ठेवतो.

जमाखर्च: पण एकाच बँकेचे दोन संसार, दोन ताळेबंद, नियमपालन बघणारे दोन विभाग. तो खर्च व्याजदरातून खातेदाराच्याच माथी येईल. त्यापेक्षा कलम 25 ची मर्यादा 100 टक्के करा, मी पहिली सही करतो.