शिशाचे वजन ठेवलेले रायफल-रेस्ट: खांदा वाचतो, पण दस्त्याचे आणि दुर्बिणीचे काय?

नेमधारी (चर्चेचा प्रस्ताव)

रायफलीची दुर्बीण झीरो करताना, म्हणजे दुर्बिणीतले निशाण आणि गोळी लागण्याची जागा जुळवताना, खांद्याला बसणारा धक्का टाळण्यासाठी जे वजनदार रेस्ट वापरतात, त्याची रचना साधी असते. पुढे रायफलीच्या अग्रभागाला आधार, मागे दस्त्याची टाच (खांद्याला टेकणारे टोक) अडवणारी खोबण, आणि दोन्हींना जोडणाऱ्या चौकटीवर शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या ठेवण्यासाठी एक ट्रे. त्या ट्रेमध्ये भरपूर वजन ठेवून रायफल चालवणे दस्त्याला हानिकारक आहे आणि दुर्बिणीलाही ते निर्धोक नाही, असे माझे मत झाले आहे.

हे मत अनुभवातून आले. अक्रोडाच्या दस्त्याच्या माझ्या .३०-०६ काडतुसाच्या रायफलीतून मी एका बैठकीत दोन पिशव्या, म्हणजे जवळजवळ २२ किलो शिसे ठेवून तीसेक गोळ्या झाडल्या. खांद्याला काहीच जाणवत नव्हते, त्यामुळे थांबावे असेही वाटले नाही. नंतर रायफल पुसताना रिसीव्हरच्या (नळी ज्यात बसते त्या धातूच्या भागाच्या) शेपटीच्या मागे, मुठीच्या दिशेने गेलेली केसाएवढी चीर दिसली. त्याआधी कित्येक वर्षे तीच रायफल त्याच काडतुसांसह खांद्यावरून चालली होती आणि त्या जागी लाकूड निर्दोष होते. दुर्बिणीत दोष आढळला नाही, पण तिला रायफलीवर पकडून ठेवणाऱ्या रिंगांमध्ये ती किंचित सरकल्याची खूण मात्र नळकांड्यावर होती.

सरळरेषा

आपल्या नुकसानीबद्दल वाईट वाटते, परंतु एका चिरेवरून काढलेला हा निष्कर्ष मला मान्य नाही. एखादी गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणून ती दुसरीमुळेच घडली असे होत नाही.

रेस्ट कोणताही नवा धक्का निर्माण करत नाही. गोळीचे वजन, तिचा वेग आणि दारूच्या वायूंचा वेग यांवरून संवेग ठरतो आणि रायफल खांद्यावर असो वा रेस्टवर, तो तेवढाच राहतो. वजन वाढवले की त्याच संवेगातून निर्माण होणारी गतिज ऊर्जा कमी होते, हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे. दुर्बिणीबद्दल म्हणाल, तर ल्यूपोल्ड कंपनी आपल्या दुर्बिणी ‘पनिशर’ नावाच्या यंत्रावर .३०८ रायफलीच्या तिप्पट जोराचे ५,००० धक्के देऊन तपासते. अशा वस्तूला टेबलावरच्या तीस गोळ्यांनी काय होणार? चीर शेपटीच्या मागे आहे, याचा अर्थ बेडिंग, म्हणजे धातूच्या भागाची दस्त्यातली बैठक, सदोष होते. रेस्टने फक्त तो दोष लवकर उघड केला.

मोजमाप

सरळरेषा यांचे भौतिकशास्त्र चुकीचे नाही, पण ते अर्ध्यावर थांबले आहे. उरलेली ऊर्जा कुठे गेली, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.

.३०-०६ मध्ये १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी सुमारे ८२० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. गोळी आणि वायू मिळून संवेग साधारण १५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. दुर्बिणीसह ३.६ किलोची रायफल मोकळी असेल, तर ती सुमारे ४ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येते आणि तिची ऊर्जा सुमारे ३१ ज्यूल असते. हाच संवेग चौकट, शिसे आणि रायफल मिळून ३० किलोच्या वस्तुमानात वाटला गेला, तर ऊर्जा ४ ज्यूलच्याही आत येते. मधले २७ ज्यूल नाहीसे होत नाहीत. रायफल आधी एकटीच वेग घेते आणि मग जड चौकटीवर आदळते. त्या टकरीत ही ऊर्जा रिकॉइल पॅडमध्ये (टाचेवरच्या मऊ गादीत), खोबणीच्या कातड्यात, चौकटीच्या लवचीकपणात आणि दस्त्याच्या लाकडात जिरते. खांद्यावर हेच काम स्नायू करतात आणि शरीर मागे झुकून त्यासाठी अंतर देते.

सगळा प्रश्न त्या अंतराचा आहे. ४ मीटर प्रतिसेकंदाने येणारी रायफल खांद्यावर ५० मिलिमीटरमध्ये थांबली, तर दस्त्याच्या टाचेवर सरासरी बल सुमारे ५८० न्यूटन येते. रेस्टवर ती १० मिलिमीटरमध्ये थांबली तर ते जवळजवळ २,९०० न्यूटन होते. आणि पॅड पातळ किंवा कडक झालेला असेल, खोबणही टणक असेल आणि सगळे २ मिलिमीटरमध्ये थांबले, तर १४,००० न्यूटनच्या पुढे जाते. फ्रान्सच्या १८९७ च्या ७५ मिलिमीटर तोफेत तेल आणि हवेच्या नळकांड्यांवर नळीला एक मीटरहून अधिक मागे सरकू दिले होते, म्हणून तोफेचा गाडा जागचा हलत नसे. तोफेच्या रचनाकारांनी धक्का अडवला नाही, त्याला अंतर दिले. वजनदार रेस्ट नेमके याच्या उलट करते.

दुर्बिणीच्या बाबतीत मात्र मी नेमधारी यांच्याशी पूर्ण सहमत नाही. वायूंचा दाब ४०० मेगापास्कलच्या आसपास पोहोचतो त्या क्षणी रायफलीवर सुमारे १९,००० न्यूटन बल असते आणि तिचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाचशे पटींहून अधिक होते. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम २ मिलिमीटर मागे सरकलेली असते, म्हणजे चांगला पॅड असेल तर तोवर मागच्या आधाराचा फारसा संबंधही आलेला नसतो. दुर्बिणीला बसणारा हा सर्वांत मोठा हिसका खांद्यावर आणि रेस्टवर जवळजवळ सारखाच असतो. १० मिलिमीटरमध्ये थांबताना बसणारा उलट हिसका ऐंशी पटींच्या घरात असतो, म्हणजे पहिल्यापेक्षा बराच लहान.

दस्ताकाम

मी लाकडी दस्ते घडवतो आणि दुरुस्त करतो, म्हणून लाकडापुरते सांगतो.

मोकळ्या रायफलीत नळी आणि रिसीव्हर मागे येतात आणि रिकॉइल लग (रिसीव्हरखालचा, दस्त्याच्या खाचेत अडकणारा लोखंडी कंगोरा) दस्त्याला आपल्याबरोबर ढकलत नेतो. त्या वेळी लगमागच्या लाकडाला फक्त दस्त्याचे स्वतःचे वजन, म्हणजे साधारण एक किलो, हलवायचे असते. टाच अडवली की हिशेब उलटतो. आता अडीच-पावणेतीन किलोचे लोखंड त्याच लाकडाने थांबवायचे असते, आणि ते सगळे बल मुठीतून जाते, जी दस्त्याची सर्वांत बारीक जागा आहे. शिवाय नळीचा अक्ष टाचेच्या वर असल्यामुळे मुठीवर नुसता दाब येत नाही, ती वाकतेही. मुठीजवळ लाकडाचे रेषे तिरपे बाहेर पडत असतील किंवा वर्षानुवर्षांच्या बंदुकीच्या तेलाने लाकूड मऊ झाले असेल, तर ते तिथेच उकलते.

लग नीट टेकलेला नसेल, तर रिसीव्हरची शेपटी पाचरीसारखी लाकडात घुसते. म्हणूनच शेपटीमागे आम्ही मुद्दाम बारीक फट ठेवतो. ती फट नसलेला दस्ता खांद्यावर वीस वर्षे टिकू शकतो आणि रेस्टवर एका दिवसात जाऊ शकतो, यात मला काहीच विसंगती दिसत नाही. लॅमिनेट किंवा फायबरग्लासच्या दस्त्यांबद्दल मला एवढी काळजी वाटत नाही. जड काडतुसांच्या रायफलींत लगच्या मागे आडवे बोल्ट घातलेले असतात, तेही याच बलासाठी.

सरळरेषा

मोजमाप यांचा हिशेब मी पुन्हा करून पाहिला आणि तो बरोबर आहे. ऊर्जा कमी होते एवढ्यावर मी थांबायला नको होते.

तरीही माझा मूळ आक्षेप कायम आहे. दस्ताकाम स्वतःच सांगतात की फट नसेल तर शेपटी पाचर बनते. मग दोषी कोण, पाचर की हातोडा? चांगले बेडिंग, जाड व मऊ पॅड आणि बेताचे वजन असेल, तर हे रेस्ट उपयुक्त साधन आहे. .४५८ विंचेस्टर मॅग्नमसारख्या काडतुसात धक्क्याची ऊर्जा .३०-०६ च्या सुमारे तिप्पट असते. अशी रायफल टेबलावर बसून, छाती पुढे झुकलेली असताना चालवणारा माणूस चौथ्या गोळीपासून दचकू लागतो, आणि दचकून ट्रिगर ओढून केलेला झीरो निरुपयोगी असतो. खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या नेमबाजाला तर दुसरा मार्गच नसतो. या लोकांना ‘दस्ता फुटेल’ अशी भीती घालून साधनापासून दूर ठेवणे मला योग्य वाटत नाही.

हवारायफल

दुर्बिणीचा प्रश्न इतक्या लवकर निकालात काढू नये. मोजमाप यांनी हिसक्याचा आकार पाहिला, पण त्याची दिशा तितकीच महत्त्वाची आहे.

स्प्रिंगच्या हवारायफलीत गोळी अगदी हलकी असते आणि धक्का बारूदी रायफलीच्या मानाने क्षुल्लक असतो. तरीही जड काडतुसांवर टिकलेल्या दुर्बिणी तिच्यावर बिघडल्याची उदाहरणे सर्वांना परिचित आहेत. कारण असे की पिस्टन नळकांड्याच्या टोकाला पोहोचून थांबतो तेव्हा रायफलीला उलट दिशेने झटका बसतो, आणि ज्या दुर्बिणीचे भिंगांचे आधार व आतली स्प्रिंग एकाच दिशेच्या धक्क्याचा विचार करून बसवलेली असतात, तिला तो सोसत नाही. टणक आधारावर आदळून थांबणारी रायफल दुर्बिणीला अशाच स्वरूपाचा दुसरा, उलट झटका देते. २ मिलिमीटरच्या उदाहरणात तो चारशे पटींपर्यंत जातो, आणि हा आकडा पहिल्या हिसक्याच्या जवळ आहे. चांगली दुर्बीण हे सोसेल, स्वस्त दुर्बिणीबद्दल मी हमी देणार नाही.

रिंगांची गोष्ट वेगळीच आहे. यंत्रावर दुर्बीण तपासली जाते, आपण घट्ट केलेले स्क्रू नव्हेत. अर्धा किलोची दुर्बीण पाचशे पट त्वरणात अडीच हजार न्यूटन बलाने रिंगांमधून पुढे सरकू पाहते आणि नंतरच्या झटक्यात मागे. नेमधारी, आपल्या नळकांड्यावरची खूण रिंगेच्या कोणत्या बाजूला आहे? दुर्बीण पुढे सरकली असेल, तर ते साध्या धक्क्याचे आणि ढिल्या स्क्रूंचे काम आहे. मागे सरकली असेल, तर रेस्टवर संशय घेण्यास जागा आहे.

जोडनळी

एका बाबतीत मात्र मतभेदाला वाव नाही. दुनळी रायफल या रेस्टवर कधीही ठेवू नये. तिच्या दोन नळ्या एकाच जागी मारतील अशा जोडलेल्या असतात, आणि ती जुळणी करताना प्रत्येक नळीच्या धक्क्याने रायफल वर व बाजूला किती वळते, हे गृहीत धरलेले असते. ते वळणे अडवले की निशाण फाकते, आणि मालकाला वाटते की रायफलच बिघडली. एकनळी रायफलीतही रेस्टवरचा झीरो आणि खांद्यावरचा झीरो वेगळा येऊ शकतो, कारण गोळी नळीत असतानाच नळीचे तोंड थोडे उचललेले असते आणि ते किती उचलले जाईल हे आधारावर ठरते.

नेमधारी

सर्वांच्या उत्तरांनंतर मी दस्ता उतरवून पाहिला. शेपटीमागे फट नव्हती आणि तिथले लाकूड दाबून चकाकत होते, लगमागच्या लाकडावर मात्र अर्ध्याच भागात टेकल्याची खूण होती. बेडिंग सदोष होते हे सरळरेषा यांचे अनुमान खरे निघाले आणि ते मी मान्य करतो. दुर्बिणीच्या नळकांड्यावरची खूण रिंगेच्या पुढच्या बाजूला आहे, म्हणजे दुर्बीण पुढे सरकली आहे. तेव्हा दुर्बिणीबद्दलचा माझा आरोपही मागे घेतो. ते माझ्याच स्क्रूंचे काम होते.

दस्त्याबद्दल मात्र मी मत बदललेले नाही. तो दोष अनेक वर्षे तिथे होता आणि खांद्याने तो सांभाळून घेतला होता. आपल्या रायफलीचे बेडिंग आतून कसे आहे, हे बहुतेक मालकांना दस्ता उतरवल्याशिवाय कळत नाही, आणि खांद्याला काही जाणवत नसल्यामुळे रेस्टवर थांबण्याची सूचनाही मिळत नाही. चौकट टेबलाला जखडून किंवा भिंतीला टेकवून वापरणारेही मी पाहिले आहेत. त्यात तर सरकण्याचे उरलेसुरले अंतरही संपते.

सरळरेषा

जखडण्याला माझाही ठाम विरोध आहे. चौकट टेबलावर मोकळी सरकली पाहिजे. बेंचरेस्टचे, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करणारे, नेमबाज रायफल वाळूच्या पिशव्यांवर मोकळी मागे घसरू देतात, ते याच समजुतीने. पण आपल्या दस्त्याची चीर चिकटवून, लग नीट टेकवून आणि शेपटीमागे फट ठेवून झाल्यावर, एकच पिशवी ठेवून आणि जाड पॅड बसवून पुन्हा दहा गोळ्या झाडून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. दुरुस्त केलेल्या जागी नवी चीर आली, तर माझे म्हणणे मी मागे घेईन.

दस्ताकाम

तो प्रयोग चिकटवलेल्या अक्रोडावर करू नका. चीर उघडून आतपर्यंत इपॉक्सी पोहोचली आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. आधी खांद्यावरून वीस गोळ्या चालवा, प्रत्येक पाच गोळ्यांनंतर दस्ता उतरवून शेपटीमागची जागा भिंगाखाली पाहा, आणि ती चकाकलेली दिसली तर तिथेच थांबा.