ली-एनफील्डसाठी जुनी .३०३ काडतुसं: खडकीच्या शिक्क्याचा लॉट घ्यावा का?

प्रेषक: कोलंबसकर

नमस्कार मंडळी,
रायफल बंगालातल्या इशापूर कारखान्याची, जुनी ब्रिटिश लष्करी ली-एनफील्ड, १ नंबर मार्क ३. इथे अमेरिकेत गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, एक विक्रेता कापडी पट्ट्यांतली .३०३ विकतोय. सहा पट्टे, प्रत्येकी ५०, म्हणजे ३०० काडतुसं. २१० डॉलर सांगतोय. बुडावर के आणि एफ, मधे बाण, साल ४३ आणि रोमन सात. रविवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. घेऊ का?

*

प्रेषक: खडकीकर

के आणि एफ म्हणजे आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना, जुन्या इंग्रजी स्पेलिंगातलं ‘किर्की’. १८६९ पासूनचा. शिक्का पाहून पुण्याच्या माणसाचा जीव खालीवर होणारच. पण काडतूस ८० वर्षांचं आहे, ते आधी ध्यानात घ्या.

रोमन सात म्हणजे मार्क ७ : १७४ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाची टोकदार गोळी, वेग सेकंदाला २४४० फूट. सातापुढे झेड नसेल तर आत कॉर्डाइट ही जुनी दारू. नेहमीची दाणेदार पावडर नव्हे, शेवयांसारख्या लांब काड्यांची जुडी. झेड असेल तर नायट्रोसेल्युलोजची दारू. कॉर्डाइट फार गरम जळतं आणि चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचा नळीचा भाग खातं. महिन्यातून वीस-पंचवीस बार काढणाऱ्याला ते जाणवणार नाही, दर शनिवारी शंभर उडवणाऱ्याला जाणवेल.

प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) मात्र झेड असो वा नसो, करोझिव्हच, म्हणजे नळी गंजवणारा, धरून चाला. शिवाय बर्डन पद्धतीचा, म्हणजे कवचाच्या तळाला मधोमध एक भोक नसून दोन बारीक भोकं. काडतुसं घरी पुन्हा भरायच्या साध्या डाय-सेटने तो निघत नाही, त्यामुळे उडवलेली पितळं भरून वापरता येणार नाहीत. किंमत ठरवताना हे धरा.

विक्रेत्यासमोर प्रत्येक पट्ट्यातले दोन-तीन चार्जर (पाच-पाच काडतुसं धरणाऱ्या क्लिपा) बाहेर काढा आणि उजेडात धरा. कवचाच्या मानेवर केसाएवढी उभी चीर दिसते का बघा. जुन्या पितळेला दमट हवा आणि अमोनियाची वाफ लागली की ताणाखालची मान आपोआप तडकते. एका पट्ट्यात अशी तीन-चार निघाली तर तो पट्टा सोडा. हिरवट थर वरवरचा असेल, कापडाने पुसून खाली गुळगुळीत पितळ लागत असेल, तर चालेल. नखाला खड्डा लागला तर नाही. गोळी चिमटीत धरून फिरवून बघा, फिरली तर ते काडतूस बाद.

मग सगळ्या पट्ट्यांवरचं साल आणि शिक्का एकच आहे का ते पाहा. गन शोमधले पट्टे बहुतेकदा नंतर भरलेले असतात. खडकीच्या दहात दोन पाकिस्तानी मिसळलेली निघतात. पीओएफ, म्हणजे पाकिस्तानी कारखान्याच्या, शिक्क्याची .३०३ हँगफायरसाठी बदनाम आहे. घोडा दाबला की ‘टक्’, आणि मग अर्ध्या सेकंदाने ‘धाड’. म्हणून नियम : टक् झालं आणि बार निघाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद मनात मोजायचे, बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याला, हात लावायचा नाही. ‘फुस्स’ झालं आणि धक्का नेहमीपेक्षा हलका वाटला, तर गोळी नळीत अडकली असू शकते. बोल्ट काढून नळीत रॉड घालून पाहिल्याशिवाय पुढचं काडतूस भरू नका. नळी फुटते ती इथे.

*

प्रेषक: मेरीलँडची ताई

करोझिव्ह म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण निम्मे लोक नुसतं तेल मारून मोकळे होतात. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, मिठाचाच भाऊबंद. ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी गंजते. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. वरून तेल लावलंत तर मीठ तेलाखाली झाकलं जातं, इतकंच. काच पुसायचं अमोनियावालं निळं औषधही त्यातल्या पाण्यामुळेच उपयोगी पडतं, अमोनियामुळे नाही. मग साधं पाणीच का नको?

त्याच दिवशी, घरी पोचल्यावर लगेच : बोल्ट काढा. लांब नळीचं फनेल चेंबरमध्ये घट्ट बसवा आणि रायफल नळी खाली करून बादलीवर धरा. अर्धा लिटर उकळतं पाणी सावकाश ओता. पाणी लाकडाखाली शिरता कामा नये, नाहीतर वरून स्वच्छ आणि खालून गंजलेली रायफल मिळेल. नळी हाताला चटका बसेल इतकी तापली की उरलेलं पाणी आपोआप उडून जातं. मग कोरडी चिंधी, सॉल्व्हंट, पुन्हा कोरडी, शेवटी पातळ तेल. बोल्टचं तोंड, रिकामं कवच ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची खाच आणि फायरिंग पिनचं टोक लोक विसरतात. तिथेही गरम पाण्यात भिजवलेला जुना टूथब्रश फिरवा.

तिसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा फिरवा. तांबूस आली तर सगळं पहिल्यापासून. पावसाळी आठवड्यात एका रात्रीतही गंज धरतो.

*

प्रेषक: खडकीकर

ताईंनी सांगितलं त्यात भर : बाराच्या गॅसवर आपोआप भरणारी रायफल असेल तर गॅस सिलिंडर आणि पिस्टनही धुवायला लागतात, म्हणून तिथे करोझिव्हचा वैताग दुप्पट. आपली बोल्टवाली, सोपी.

आणि भरताना एक : .३०३ ला बुडाशी रुंद कडा आहे. मॅगझिनमध्ये (रायफलीखालच्या काडतुसांच्या पेटीत) वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे असली पाहिजे. मागे राहिली की बोल्ट ढकलताना दोन कडा एकमेकींत अडकतात, मग कितीही जोर लावा. चार्जरमध्ये पाच काडतुसं एक खाली, एक वर अशी ठेवतात ती याचसाठी.

*

प्रेषक: वरणगावकर

हिशेब कुणी केलाच नाही, तो मी करतो. ३०० काडतुसं, २१० डॉलर : नगाला ७० सेंट. समजा चिरा आणि खड्डे म्हणून २० बाजूला काढली आणि २५ पेटलीच नाहीत. उरली २५५, म्हणजे नगाला ८२ सेंट. पितळ भंगारात. आता सर्बियाच्या पीपीयू कंपनीची नवी पेटी घेतलीत तर वर थोडे पैसे जातात, पण प्रायमर करोझिव्ह नाही, आणि बॉक्सर पद्धतीचा (कवचाच्या तळाला मधोमध एकच भोक) असल्यामुळे कवच पुन्हा भरता येतं. कवचाची मान तेवढी मापावर आणली तर चार-पाच वेळा आरामात. भरणाऱ्याला जुना माल महागच पडतो. न भरणाऱ्यालासुद्धा ८२ सेंट फार स्वस्त नाहीत.

ग्रीसची एचएक्सपी शिक्क्याची .३०३ दिसली तर मात्र विचार न करता घ्या. लष्करी माल असून बॉक्सर, आणि करोझिव्ह नाही. अमेरिकन गरँड रायफलवाल्यांना त्याच शिक्क्याची .३०-०६ काडतुसं ओळखीची असतील.

पितळ पुन्हा भरणार असाल तर ली-एनफील्डचं चेंबर सैल असतं हे धरून चाला. कवच बुडापासून बोटभर वर ताणलं जातं आणि तिथे चकचकीत कडं दिसायला लागतं. पेपरक्लिपचं टोक वाकवून कवचाच्या आत फिरवा. खाच लागली की ते कवच टाका, नाहीतर पुढच्या बाराला बूड बाहेर येतं आणि बाकीचं चेंबरमध्ये अडकून बसतं. ते काढायचं छोटं हत्यार मिळतं, बॅगेत असू द्या. नवी रायफल घेतली की हेडस्पेसही (मिटलेल्या बोल्टपुढे काडतुसाच्या कडेला मिळणारी जागा) मोजून घ्या : ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, ०.०७४ वर मिटता कामा नये.

आणि इशापूर म्हणजे .३०३च असं नाही. २ए आणि २ए१ ह्या ७.६२ नाटोच्या आहेत, मॅगझिन चौकोनी. गन शोमध्ये दोन्हींवर ‘इशापूर एनफील्ड’ एवढीच चिठ्ठी असते. बाजूच्या पट्टीवरचे आकडे वाचल्याशिवाय काडतुसं घेऊ नका. २ए१ मध्ये लष्करी ७.६२ चालवा, दुकानातल्या .३०८ चं पितळ पातळ असतं. आमच्या वरणगावच्या कारखान्याचा ओएफव्ही शिक्का असलेली ७.६२ सुद्धा इथे आली होती. गावचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो, तिच्या दर्जाबद्दल तक्रारी बऱ्याच झाल्या. सुटी काडतुसं विकायला दिसली तरी घेऊ नका.

*

प्रेषक: कोलंबसकर

कळलं. दोन पट्टे निवडून घेतो, बाकी पीपीयू. माझ्याबरोबर रेंजवर येणारा पुतण्या एच-वनवर आहे, त्याला चालेल ना?

*

प्रेषक: मेरीलँडची ताई

थांबा, नाही चालणार. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा फेडरल कायद्याने गुन्हा आहे. एच-वन, एफ-वन, एल-वन सगळे त्यात आले. रेंजवर तुमची रायफल हातात घेणंही त्यात मोडतं. एक नेहमीचा अपवाद आहे : एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो आधी काढा, खिशात ठेवा, मग जा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. राज्याराज्यांचं वेगळं : इलिनॉयला एफओआयडी कार्ड (बंदूकधारकाचं ओळखपत्र) लागतं, न्यूयॉर्कमध्ये २०२३ पासून काडतूस घेतानाही तपासणी.

*

प्रेषक: खडकीकर

आणि डिसेंबरात पुण्याला जाणाऱ्यांनी रेंजची बॅग प्रवासाला अजिबात घेऊ नका, धुतलेली असली तरी. शिवणीत अडकलेलं एकच जिवंत काडतूस दिल्ली-मुंबईच्या एक्स-रेमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, आणि ‘चुकून राहिलं’ हे पटवायला कोर्टात जावं लागतं. जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा.

कोलंबसकर, त्या दोन पट्ट्यांतले चार्जर फेकू नका. पीपीयूची काडतुसं त्यांतच भरता येतील.