नुसत्या भागाकाराने वेळ निघत नाही
लंडन-न्यूयॉर्क विमानप्रवासाला किती वेळ लागेल, हे काढायला कुणी त्या अंतराला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागतं आणि उत्तर येतं सुमारे सहा तास. भागाकार बरोबर आहे, पण तिकिटावरची वेळ त्याच्याशी जुळायची नाही. सुमारे ५,५५० किमी हे पृथ्वीच्या गोलावरचं किमान अंतर. प्रत्यक्ष मार्ग वारा बघून रोज ठरतो. तिथे जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, म्हणून लंडनला येताना साधारण सात तास आणि न्यूयॉर्कला जाताना आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यामुळे एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोहोचलं होतं! शिवाय वेळापत्रकात गेट ते गेट वेळ धरतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यातच. आणि हो, तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नका.